सुई टोचली की ताट

समुद्रावर गेलं की मन मोठं होतं, असं म्हणतात. मी तीन रात्रींची क्रूझ करून आले आणि मला तिथे समुद्र कमी, तोंडंच जास्त दिसली. चावणारी, चघळणारी, भरलेली, आणि भरलेली असतानाच पुढच्या रांगेकडे वळलेली. किळस हा शब्द मी आजवर पाली आणि तुंबलेली मोरी यांच्यासाठी राखून ठेवला होता. त्या जहाजावर तो माणसांसाठी वापरायला लागला. सगळ्यात शेवटी ज्या माणसासाठी वापरायला लागला, त्या माणसाची किळस अजून गेलेली नाही.

आधी आमच्या घराचं सांगते. मी आयटीआयमध्ये पंचवीस वर्षं शिवणकाम शिकवलं. आधी माप, मग कात्री, हे पोरींच्या डोक्यात भरता भरता माझ्याच रक्तात उतरलं. नवरा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाला. आता आम्ही दोघं मनीषनगरला फ्लॅटमध्ये राहतो. समोर मी त्याला ‘अहो’ म्हणते. इथे ‘तो’ म्हणणार आहे, कारण चिडून लिहायला एकवचन बरं पडतं. त्याला साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली. गोळ्या पुरेनाशा झाल्या तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, दिवसातून तीनदा, प्रत्येक जेवणाआधी. सुई मीच टोचते. तो भिंतीकडे बघत बसतो आणि टोचून झाल्यावर विचारतो, "झालं का?"

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती. सुई टोचली की ताट लगेच समोर आलं पाहिजे, त्यात हयगय नाही. मी ते वाक्य शब्दाला शब्द पाठ केलं. आमच्या घरी आधी पोळ्या होतात, कुकर उतरतो, मगच सुई बाहेर निघते. दोन पोळ्या, भाजी, एक वाटी वरण, अर्धी वाटी भात. वाटीसुद्धा ठरलेली आहे, काठाला पोचा आलेली. गोडाचा डबा मी शिवणयंत्राच्या खणात ठेवते, कारण त्या खणाला कुलूप आहे. त्याला गोडाचं अतोनात वेड. एकदा शेजारच्या बारशाहून आला आणि दुसऱ्या दिवशी शर्ट भिजवताना मला त्याच्या खिशात कागदात गुंडाळलेले दोन पेढे सापडले. त्यावर मी आठवडाभर बोलले. त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही, हे मला तेव्हा माझं यश वाटलं.

कोराडीच्या कॉलनीतल्या निवृत्त मंडळींनी क्रूझ ठरवली तेव्हा मी नकोच म्हणाले होते. पण त्याने उभा जन्म कोळसा आणि राख पाहिली. "एकदा पाणीच पाणी पाह्यचं आहे मले," तो म्हणाला, "चहूकडून." मी माळ्यावरची बॅग काढली. निघायच्या आधी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं नीट सांगितलं. इन्सुलिनचं पेन आणि साखर तपासायचं मशीन हाताशी ठेवा, ग्लुकोजची पुडी तुमच्या पर्समध्ये कायम असू द्या, चपला घालूनच फिरा. मग चष्मा काढून म्हणाले, "आणि दारूबद्दल एक महत्त्वाचं..."

"त्याची गरज नाही डॉक्टर," मी म्हणाले. "आमच्या घरात कोणी घेत नाही."

"तरी ऐकून ठेवा ना," ते म्हणाले. पण मी तोवर पर्स खांद्याला लावून उठले होते. बाहेर वेटिंगमध्ये बसलेल्या लोकांनीही माझं वाक्य ऐकलं असेल तर बरं, असं मला मनातून वाटत होतं.

हा ताठा कुठून आला तेही सांगते. माझ्या आजी-आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळी पंचशील म्हणतात. त्यातलं पाचवं शील दारूचं. सगळे म्हणायचे आणि सगळे पाळायचे, एक काका सोडून. काका पिऊन यायचा. माझ्या आईने त्यावर एक नियम केला: पिऊन आलेल्याला ताट वाढायचं नाही. शिव्या नाहीत, मारहाण नाही, शेजाऱ्यांना तमाशा नाही. दार उघडायचं, पाणी द्यायचं, ताट मात्र नाही. काका तीन दिवस अंगणात उपाशी बसला. आम्ही पोरं आत वरणभात खात होतो आणि तो उंबऱ्याकडे बघत होता. चौथ्या दिवशी त्याची दारू सुटली ती कायमची. पुढे प्रत्येक लग्नात तो हा किस्सा स्वतःच रंगवून सांगायचा आणि आईच्या पाया पडायचा. म्हणजे नियम सिद्ध झालेला होता. गणितात सिद्ध झालेलं पुन्हा कोणी तपासत नाही.

तर आम्ही निघालो. मुंबईच्या गाडीत बसल्या बसल्या संत्रा बर्फीचे डबे उघडले. नागपूरचा माणूस परगावच्या लोकांसाठी म्हणून संत्रा बर्फी घेतो आणि वर्धा यायच्या आत स्वतःच संपवतो. मी नवऱ्याच्या आणि डब्याच्या मधे बसले. जहाजावर चढताना तपासणीत आमच्या पुरुषांचा खर्रा पकडला. तंबाखू-सुपारी घोटलेल्या त्या पुड्या एकामागून एक टोपलीत पडत होत्या आणि ही साठीची माणसं लेकीची पाठवणी केल्यासारखी टोपलीकडे बघत उभी होती. मला एवढा आनंद अख्ख्या प्रवासात पुन्हा झाला नाही.

मनगटावर कागदी पट्ट्या बांधल्या. दारू घेणाऱ्यांना लाल, आमच्यासारख्यांना पांढरी. आमच्या गटात पांढऱ्या पट्ट्या दोनच होत्या, त्याची आणि माझी. मी ती मंगळसूत्रासारखी मिरवली.

आणि मग ते जेवण. एक मजला भरून जेवण. लोक ताटलीत आधी नूडल्स घेत, त्यावर डोसा, डोशावर छोले, छोल्याला टेकून केक. चॉकलेटचं कारंजं होतं, त्यात माणसं काड्यांना फळं टोचून बुडवत. काडी संपली की बोट बुडवत, बोट चाटत, पुन्हा बुडवत. एक गृहस्थ पनीरच्या भांड्यातून फक्त पनीर वेचत होता, कोंबडीने दाणे टिपावेत तसं. बायका टिश्यूत मफिन गुंडाळून पर्समध्ये कोंबत होत्या, आणि तासाभराने तिथेच चौथं जेवण मिळणार होतं हे त्यांना ठाऊक होतं. टेबलांवर अर्ध्या खाल्लेल्या ताटल्यांचे ढीग, दात लावून सोडलेली बर्फी, भातात विझलेला टिश्यू. सकाळच्या अंड्यांचा आणि गालिच्याचा मिळून एक वास त्या मजल्यावर कायम असायचा. जहाज जरा हललं की कोपऱ्यात कोणीतरी ओकायचं, तोंड पुसायचं, आणि पुन्हा रांगेत लागायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी नवऱ्याची ताटली स्वतः भरत होते. दोन पोळ्या, वरण, काकडी. तो शेजारच्या जिलेबीच्या परातीकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे.

आमच्या गटात त्याच्या एका मित्राची बायको होती. ती दोघं आता कळमेश्वरला राहतात. तिचा मला पहिल्या तासापासून तिटकारा आला. लाल पट्टी, बिनबाह्यांचा गाऊन, ग्लासात कागदी छत्री, आणि हसणं असं की तीन टेबलं वळून बघायची. माझ्याजवळ येऊन म्हणते, "ताई, एक घोट तरी घ्या वं. कोण पाहून राहिलं इथं?"

"मी पाहून राहिली ना," मी म्हणाले आणि खुर्ची सरकवून घेतली. ती त्यावरही हसली. असल्या माणसांना काही लागत नाही, त्यामुळे आणखीच राग येतो.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रात होता. दुपारी जेवण उघडायच्या वेळी तो खोलीत घाईला आला. "रांग लागून राहिली. टोच लवकर, मी पुढं जाऊन जागा धरतो."

घरी मी ताट पाहिल्याशिवाय पेन उघडत नाही. पण तिथे ताटांना काय तोटा होता? एक मजला भरून होती. मी टोचलं. "झालं का?" त्याने विचारलं आणि गेला. मी ओले टॉवेल पसरले, साडी बदलली, केस विंचरले आणि वर गेले.

रांगेत तो नव्हता. मी शोधत शोधत पोहण्याच्या तलावाशी गेले. तिथे छत्रीखाली आमची सगळी पुरुषमंडळी पाय पसरून बसली होती, आणि मधे माझा नवरा. मनगटावर पांढरी पट्टी, हातात बिअरचा ग्लास. त्याचा मित्र त्याच्या मांडीवर थाप मारून म्हणत होता, "घे ना बे! आज घर बी नाई अन् वहिनी बी नाई!"

वहिनी होती. पाच पावलांवर उभी होती. नवऱ्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग दुसरा घेतला आणि समुद्राकडे बघून हसला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तो असा एकटा स्वतःशी हसलेला मी क्वचित पाहिला असेल. तेव्हा मात्र मला ते हसणं निलाजरं वाटलं. तिथे तळलेल्या माशांचा, बिअरचा आणि ओल्या चड्ड्यांचा मिळून वास येत होता. आईचा नियम तसाच आहे, तमाशा नाही. मी परत फिरले आणि एका बाकावर बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. सुई मी टोचली होती हे मला माहीत होतं. पण डोक्यात तेव्हा सुई नव्हतीच. डोक्यात ग्लास होता.

पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा मी जेवणाच्या मजल्यावर गेले. तेवढ्यात तोही आला. चालताना टेबलांना धडकत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावरून घाम गळत होता, तोंडाला बिअरचा वास. त्याने ताटली घेतली आणि सरळ जिलेबीच्या परातीकडे गेला. वरण नाही, पोळी नाही. चिमट्याने जिलेबी उचलेना तेव्हा हाताने उचलली. एक, दोन, तीन. बोटं थरथरत होती, पाक मनगटावर, त्या पांढऱ्या पट्टीवर ओघळत होता. शेजारचा एक माणूस हसून बाजूला झाला.

मी पुढे होऊन ताटली धरली.

"अगं... दे," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "दे ना... ते... गोल..."

जिलेबी हा शब्दही त्याला सापडत नव्हता. त्या क्षणी मला त्याची जेवढी किळस आली तेवढी मला कधी कोणाचीच आली नाही. साखरेचा रोगी, पिऊन तर्र, आणि दोन्ही हातांनी जिलेबी ओरबाडतोय. आई असती तर काय म्हणाली असती, ते मी म्हटलं. "पिऊन आलेल्याला ताट नाही," मी म्हणाले, हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल इतकं. आणि ताटली त्याच्या हातातून ओढून घेतली. त्याने थोडा वेळ धरून ठेवली होती. तेवढा जोर त्याच्यात होता. मग सोडली. मी ती तीन जिलेब्यांसकट उष्ट्या भांड्यांच्या टबात टाकली.

तो जवळच्या खुर्चीत बसला आणि रिकाम्या हातांकडे बघत राहिला. त्याचे मित्र आले. "पह्यल्याच गिलासात उडला बे हा!" म्हणून एकाने मोबाइल काढला आणि व्हिडिओ घ्यायला लागला.

मी माझी ताटली भरली, त्याच्याकडे पाठ करून बसले आणि जेवले. हे लिहायला मला किती महिने लागले ते मलाच माहीत. मी पोळी खाल्ली, भाजी खाल्ली, भात घेतला, वर दह्याची वाटी घेतली. रागाने मला भूक जास्त लागते. मागून हसण्याचे आवाज येत होते आणि मी मनात म्हणत होते, तीन दिवस नाही, एकच दिवस उपाशी राहू दे, सुटेल.

मग तो आवाज आला. तीन टेबलांना ऐकू जाणारा तोच आवाज, पण त्यात हसू नव्हतं. "मोबाइल ठेव रे आधी! ताई, अवं ताई, इकडं या! हे पिऊन नाहीत वं. यायची शुगर उतरली!"

कळमेश्वरची ती बाई त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली होती. त्याचा हात तिने दोन्ही हातांत धरला होता. "पाहा कसा थंडगार घाम आहे. माझ्या मायले बी असंच व्हाये. जेवले का हे? सुई घेतली होती का?"

मी मान हलवली. कोणत्या प्रश्नाला हलवली, मला आठवत नाही.

"साखर आणा कोणी! साखर!" ती ओरडली. भरल्या तोंडाची माणसं नुसती बघत होती. दहा पावलांवर चॉकलेटचं कारंजं वाहत होतं आणि मी खांबासारखी उभी होते. तीच उठली, चहाच्या टेबलावरून साखरेच्या पुड्यांची मूठ भरून आणली, दातांनी एकेक फाडली, पाण्यात ढवळली आणि त्याची हनुवटी धरून म्हणाली, "भाऊ, गिळा. गिळा म्हणते ना. हां, असं." पाणी त्याच्या गळ्यावरून तिच्या गाऊनवर सांडत होतं, तिला त्याचं काही नव्हतं. नेलपॉलिश लावलेल्या त्या बोटांनी ती लहान पोराचं पुसावं तसं त्याचं तोंड पुसत होती.

जहाजाचे डॉक्टर आले. त्यांनी मशीन मागितलं. मशीन माझ्याकडेच होतं. मी पर्स उघडली तर सगळ्यात वर ग्लुकोजची पुडी होती. नागपूरहून निघाल्यापासून ती पर्स माझ्या काखेतून खाली उतरली नव्हती. जेवतानासुद्धा मी ती मांडीवर ठेवली होती. डॉक्टरांनी त्याच्या बोटाला टोचलं. आकडा एक्केचाळीस आला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "अजून थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, कल्पना आहे?" मला होती. आमच्या नागपूरच्या डॉक्टरांनी तीही दिली होती. मी ती कागदावर लिहूनसुद्धा ठेवली होती.

थोड्या वेळाने त्याची नजर जागेवर आली. आजूबाजूला एवढे लोक बघून तो ओशाळला आणि पहिलं वाक्य मला म्हणाला, "सॉरी. एकच गिलास घेतला गं." तो माझी माफी मागत होता.

नागपूरला आल्यावर आम्ही सगळ्यांना सांगितलं की त्याला बोट लागली. व्हिडिओ मित्राने पुसून टाकला म्हणे. मी कळमेश्वरच्या त्या बाईला फोन करून आभार मानले. ती म्हणाली, "त्यात काय वं ताई," आणि हसली. मी तिच्या हसण्यावर मनात काय काय बोलले होते, ते मला एकेक आठवत होतं. त्या दुपारचं आम्ही दोघंही घरात बोललो नाही. मी समजले, त्याला आठवतच नसेल. साखर उतरली की मधलं पुसलं जातं, असं कोणीतरी सांगितलं होतं. त्या आधारावर मी तीन महिने नीट झोपले.

मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं, "मधे साखर कधी फार खाली गेली होती का?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "एकदा गेली. जहाजावर. सुई घेऊन बिअर पिली मी, जेवलो नाई."

"हेच तर मी तुम्हाला सांगत होतो," डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले. "दारू पोटात असली की साखर आणखी खाली जाते, आणि घसरलेला माणूस हुबेहूब प्यालेल्यासारखा दिसतो. घरचे लोक फसतात." मग त्याला म्हणाले, "तुम्हाला काही आठवतं का हो त्यातलं?"

"एकच आठवते," तो म्हणाला. "जिलेबी खाल्ली की बरं वाटन, एवढं समजून राह्यलं होतं मले. नाव नव्हतं येत, पण समजत होतं. ताटली धरून होतो मी. हिनं ओढली." आणि तो हसला, त्या काकासारखा, लग्नात किस्सा सांगावा तसा. "हिच्या हातात लय जोर आहे डॉक्टर."

डॉक्टरही हसले. मग त्यांनी विचारलं, ग्लुकोज जवळ ठेवता ना? मी पर्स उघडून पुडी टेबलावर ठेवली. तीच पुडी होती, अजून न फोडलेली.